चवीची जबानी

न्यायालयात साक्षीदार जे सांगतो त्यास आपल्या दप्तरी भाषेत जबानी म्हणतात, आणि या शब्दाच्या पोटात फारसी भाषेतील जीभ दडून बसली आहे ही गोष्ट जबानी देणाऱ्याच्या किंवा ती लिहून घेणाऱ्या कारकुनाच्या क्वचितच ध्यानात येते. प्रस्तुत प्रकरणात ज्या जबानीचा विचार करावयाचा आहे ती मात्र अक्षरशः जिभेचीच आहे. कोणी हौसेने घरी, तर कोणी छोट्याशा कारखान्यात कसब पणाला लावून केलेली बीअर समोर यावी, तिचा घोट घ्यावा, आणि जे जाणवले ते शेजारच्या माणसास उमजेल अशा शब्दांत सांगावे, एवढाच हा व्यवहार; परंतु जो गृहस्थ तो प्रथमच करू पाहतो त्याची पहिल्या पाच मिनिटांत जी त्रेधा उडते ती पाहिली म्हणजे, जन्मभर बोलण्यावर पोट भरणारी वकील, प्राध्यापक, कीर्तनकार अशी माणसेही आपल्या जिभेला काय कळले हे सांगण्याच्या कामी किती मुकी असतात याची प्रचीती येते. ‘छान आहे’ आणि ‘जरा कडू आहे’ ही दोन वाक्ये उच्चारून झाली की शब्दांचे कोठार रिकामे होते. मग तो पेला उजेडाकडे धरतो, आणखी एक घोट घेतो, आणि ‘नाही, छानच आहे’ असे म्हणून मोकळा होतो.

या मुकेपणाचा सगळा दोष बिचाऱ्या जिभेवर टाकणे अन्यायाचे होईल, कारण तिच्यापाशी मुळात फारशी माहिती नसतेच. गोड, आंबट, खारट, कडू, आणि जपानी भाषेतून आलेल्या उमामी या नावाने जी ओळखतात ती मांसरसासारखी चव, एवढ्याच पाच गोष्टी ती जाणते. आपल्या षड्रसांतील तिखट आणि तुरट यांना आधुनिक शरीरशास्त्र चवीच्या खात्यातून काढून दाह आणि स्पर्श यांच्या खात्यात जमा करते. जिभेच्या शेंड्यावर गोड आणि मुळाशी कडू असा जो नकाशा पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या छापला गेला, तो १९०१ सालच्या एका जर्मन निबंधाच्या चुकीच्या वाचनातून निघालेला असून, वस्तुतः सगळ्या चवी जिभेच्या सगळ्या चवग्राही भागांस कळतात. बाकीचा सारा प्रपंच नाकाचा. घोट गिळताना त्याचा बाष्पांश घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो, आणि त्या वाटेने आलेल्या वासाला आपण भोळेपणाने चव म्हणतो. ज्यास शंका असेल त्याने नाक चिमटीत धरून केशर-वेलदोड्याचे श्रीखंड खाऊन पाहावे. त्याच्या वाट्याला फक्त काहीतरी गोड, काहीतरी आंबट आणि पुष्कळसे गुळगुळीत एवढेच येईल, आणि चिमटी सोडताच केशर, वेलदोडा व चक्का हे तिघेही एकदम घरात शिरल्यासारखे होईल. द्राक्षमद्याचे परीक्षक तोंडातील घोट थुंकून टाकतात आणि बीअरचे परीक्षक तो गिळतात. कडवटपणाचा शेवट किती लांबतो हे गिळल्यावाचून कळत नाही असे कारण ते देतात, आणि ते खरेही असावे, मात्र त्यात सोय अजिबात नाही असे म्हणवत नाही.

बीअर म्हणजे काय हे ज्यास स्वयंपाकघर ठाऊक आहे त्यास सांगणे सोपे आहे. नाचणी भिजवून, तिला मोड आणून, वाळवून, दळून तिचे सत्त्व करण्याची रीत तान्ह्या मुलांच्या आणि आजाऱ्यांच्या निमित्ताने आपल्याकडे घरोघर होती. जवाच्या दाण्यावर हेच संस्कार करून तो भट्टीत कमीअधिक भाजला की त्यास माल्ट म्हणतात. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्ये उत्पन्न होतात ती, भरडलेले माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले असता, त्यातील पिष्टाची साखर करून टाकतात; आणि त्या वेळी भांड्यातून जो दरवळ उठतो तो मराठी माणसास सांगण्यासाठी परदेशी शब्दकोश धुंडाळण्याचे कारण नाही, तो थेट थालीपिठाच्या ताज्या भाजणीचा असतो. हा गोड काढा हॉप नावाच्या वेलीच्या फुलोऱ्यासह तासाभर उकळला की त्यात कडवटपणा उतरतो. मग तो निववून त्यात यीस्ट सोडले की साखरेचा मद्यार्क आणि कर्बवायू होतो. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकने बीअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असे फर्मान काढले, त्यात यीस्टचे नाव नाही, कारण फेसाळण्यामागे एक सजीव वस्तू काम करते हे तेव्हा कोणासच माहीत नव्हते. घरगुती कारागीर काढ्याची सापेक्ष घनता आधी आणि नंतर काचेच्या तरंगत्या मापकाने पाहतो, ती १.०५० वरून १.०१० वर उतरली की दोहोंतील फरकास १३१ने गुणून बीअरमध्ये शेकडा सव्वापाच मद्यार्क आहे असा हिशेब मांडतो, आणि एवढा अंक हाती आला की आपण रसायनशास्त्री झालो असे त्यास वाटू लागते. परंतु तो अंक चवीविषयी काहीही सांगत नाही. तेथे दुसऱ्याची जीभ लागते.

ही दुसऱ्याची जीभ मिळवण्याच्या आड बराच काळ सरकार उभे होते. मद्य हा महसुलाचा विषय असल्याकारणाने, घरच्या चुलीवर काय शिजते याची चौकशी राज्यकर्त्यांनी फार पूर्वीपासून केलेली दिसते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अंमलदारास एक संबंध अध्याय दिलेला आहे. तांदूळ आणि किण्व यांपासून होणाऱ्या मेदक नावाच्या पेयाची मापेही तेथे सापडतात. आणि, या प्रकरणाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कुटुंबवत्सल गृहस्थांना घरच्या कार्यप्रसंगी पांढरी सुरा करण्याची मुभा, तसेच उत्सव, मेळे आणि यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची सूट देण्याची तजवीज त्यात आहे. ब्रिटनमध्ये १८८० साली ग्लॅडस्टनने माल्टवरची पट्टी उठवून ती प्रत्यक्ष बीअरवर बसवली, तेव्हा घरी बीअर करणाऱ्यालाही परवाना काढणे भाग पडले, आणि ही कटकट १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द करीपर्यंत कायम राहिली. अमेरिकेची हकिगत अधिक विनोदी आहे. तेथील दारूबंदी १९३३ साली उठली, घरी वाइन करणे कायदेशीर ठरले, मात्र बीअरला ती सवलत मिळाली नाही. आणि ती मिळण्यास ४५ वर्षे लागली. १९७८ साली ऑक्टोबर महिन्यात जिमी कार्टर यांनी ज्या कायद्यावर सही केली त्यान्वये, ज्या घरात दोन किंवा अधिक प्रौढ माणसे असतील त्यास वर्षाकाठी २०० गॅलन, म्हणजे सुमारे साडेसातशे लिटर, आणि एकट्या माणसास त्याच्या निम्मी बीअर, विकायची नाही या अटीवर, करता येऊ लागली. तरीही अंतिम अधिकार राज्यांकडे असल्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपी ही दोन राज्ये २०१३ पर्यंत आडून बसली होती.

त्याच १९७८ साली कोलोरॅडोतील बोल्डर गावी चार्ली पपेझियन नामक गृहस्थाने, जो तोपर्यंत लोकांना घरी बीअर करण्याचे वर्ग घेत असे, हौशी कारागिरांचा एक राष्ट्रीय संघ स्थापन केला. या हौशी लोकांतूनच पुढे छोटे कारखानदार निघाले. कॅलिफोर्नियातील चिको येथे १९८० साली सिएरा नेवाडा हा कारखाना काढणारे केन ग्रॉसमन हे त्यापूर्वी घरगुती बीअरच्या साहित्याचे दुकान चालवीत होते. परंतु माझ्या मते या चळवळीची सर्वांत टिकाऊ कमाई कारखाने ही नसून भाषा ही आहे. मोठ्या कारखान्याची बाटली विकत घेणारा मनुष्य आवडली तर पितो, नावडली तर दुसरी घेतो. त्यास कारण शोधण्याची गरज पडत नाही. घरी केलेली बीअर बिघडली असता मात्र करणाऱ्यास ती का बिघडली हे कळल्यावाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही, आणि स्वतःच्या बीअरविषयी त्याची स्वतःची जीभ ही फितूर साक्षीदार असते. महिनाभर जिचे लाड केले तिच्यात खोट आहे असे ती कबूलच करीत नाही. म्हणून तो बाटली काखोटीला मारून मित्राकडे जातो, आणि मित्राने ‘छान आहे’ असे म्हटल्यास त्याचा उपकार होण्याऐवजी घातच होतो.

ही अडचण कारखान्यांच्या प्रयोगशाळांनाही निराळ्या रीतीने जाणवतच होती. मॉर्टेन मायल्गार्ड या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बीअरमध्ये आढळणाऱ्या चवी आणि वास यांची छाननी करून त्यांचे एक चक्र तयार केले. त्यात १४ वर्ग असून त्यांच्या पोटात शंभराहून अधिक नावे आहेत, आणि प्रत्येक नावाच्या पाठीशी शक्य तेथे एखादे रासायनिक द्रव्य उभे केलेले आहे, म्हणजे ज्यास नाव समजले नाही त्यास ते द्रव्य पेल्यात टाकून हुंगवता येते. कार्ल्सबर्गच्या कोपनहेगन येथील प्रयोगशाळेने १९४०च्या दशकात तीन पेल्यांची परीक्षा रूढ केली होती; दोन पेल्यांत एकच बीअर, तिसऱ्यात वेगळी, आणि परीक्षकाने वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजाने तिघांपैकी एकाचे उत्तर बरोबर येणारच, तेव्हा त्याहून किती अधिक आले म्हणजे फरक खरा मानावा हा प्रश्न उरतो. आणि थोड्या नमुन्यांवरून असा निवाडा कसा करावा याचे गणित ज्याने मांडले तो विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस कारखान्याचाच नोकर होता, ज्याचा १९०८चा निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकताना ज्या टी-परीक्षेने आमच्यापैकी अनेकांस घाम फोडला, तिचा उगम बीअरच्या पिंपाशी आहे हे कोणी तेव्हाच सांगितले असते तर वर्गात हजेरी अधिक भरली असती.

हौशी लोकांनी या सगळ्यातून आपल्यापुरती एक कामचलाऊ पंचपद्धती उभी केली. १९८५ साली अमेरिकेत बीअरच्या पंचांची परीक्षा घेऊन त्यांस सनद देणारी व्यवस्था सुरू झाली, आणि तिच्या गुणपत्रिकेत एकंदर ५० गुणांची वाटणी अशी आहे की गंधास १२, रूपास अवघे ३, चवीस २०, तोंडातील स्पर्शास ५ आणि एकंदर ठशास १०. रूपाला तीनच गुण देण्यात मोठे शहाणपण आहे, कारण डोळा हा सर्वांत उतावळा साक्षीदार. बीअर काळी दिसली की तो नाकाला आणि जिभेला आधीच पढवून ठेवतो. पंचांनी पेला हाती आल्याबरोबर प्रथम हुंगावे, कारण क्षणार्धात उडून जाणारे वास पहिल्याच हुंगण्यात सापडतात. मग पाहावे, मग घोट घ्यावा. आणि या साऱ्या वेळात मौन पाळावे, भुवईदेखील उंचावू नये. सर्वांची पत्रके भरून झाल्यावर मगच तोंडे उघडतात, आणि दोन पंचांच्या गुणांत ७हून अधिक अंतर पडल्यास चर्चा करून ते कमी करावे असा संकेत आहे. मौनाच्या या नियमाचे मर्म कोर्टकचेरीत वावरलेल्या माणसास तत्काळ कळेल. एका साक्षीदाराची जबानी चालू असता दुसऱ्यास बाहेर बसवतात ते उगाच नव्हे. मेजाभोवती पाच माणसे बसलेली असावीत आणि पहिल्याने ‘मला संत्र्याचा वास येतो’ असे नुसते म्हणावे, की उरलेल्या चौघांच्या नाकांत संत्री पिकू लागतात. त्यांतील कोणीही खोटे बोलत नसतो, आणि तरीही आता मेजावर पाच साक्षी नसून एकच साक्ष पाच वेळा नोंदलेली असते.

शब्द कोठून आणावयाचे हा प्रश्न याहून अवघड. इंग्रजीत ही विद्या वाढल्यामुळे तिच्यातील उपमा इंग्रजी आणि अमेरिकी घरांतल्या आहेत, आणि त्या उसन्या घेतल्या तर आपल्या तोंडी पोकळ वाटतात. बीअरवर ऊन पडले असता हॉपमधील कडू द्रव्यापासून एक गंधकयुक्त पदार्थ उत्पन्न होतो, जो लिटरभर बीअरमध्ये काही नॅनोग्रॅम असला तरी नाकास सापडतो, आणि म्हणूनच शहाणा कारखानदार तपकिरी बाटली वापरतो. अमेरिकी माणूस या वासाला स्कंक या प्राण्याचे नाव देतो. ज्याने स्कंक कधी पाहिला नाही त्याने तो शब्द वापरणे म्हणजे ऐकीव साक्ष देणे होय. उलट, वासांच्या बाबतीत मराठीइतकी सधन भाषा विरळा, आणि ही सधनता आपल्या आज्या-पणज्यांनी माजघरात, उतरंडीशी आणि लोणच्याच्या बरण्यांशी बसून कमावलेली आहे. खमंग, खरपूस आणि करपट या तीन शब्दांत भाजण्याच्या तीन पायऱ्या अशा नेमक्या बांधलेल्या आहेत की काळ्या स्टाउट बीअरचे भाजलेले माल्ट खरपुशीवर थांबले की करपटाकडे गेले, एवढे सांगितले म्हणजे करणाऱ्यास पुढच्या खेपेस काय करावे ते कळते. जुन्या हॉपला येणारा चीजसारखा दर्प हा आपल्या खवटाच्या शेजारचा. दमट जागी ठेवलेल्या माल्टचा वास कुबट. जंतू शिरून बिघडलेली बीअर आंबूस. ज्यात वायू उरला नाही आणि कडवटपणाही दिसत नाही ती सपक. भरड धान्याची साले फार गरम पाण्याने धुतली असता येणारी जीभ ओढणारी चव तुरट, कच्च्या सुपारीसारखी. जेथे एक शब्द नाही तेथे वस्तू आहेत. यीस्टला आपले काम पुरे करू न देता बीअर घाईने बाटलीत भरली तर हिरव्या सफरचंदाच्या सालीचा, किंवा ताज्या लोण्याचा आणि गोड टॉफीचा वास राहतो. काढा झाकण ठेवून उकळला तर मक्याचे उकडलेले कणीस किंवा कोबीचे पाणी आठवते. बाटलीत हवा राहून बीअर शिळी झाली म्हणजे पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो, ज्याची ओळख शाळेच्या दप्तरामुळे कोकणातल्या मुलास तरी निराळी करून द्यावी लागत नाही.

या यादीत एक गोम आहे, आणि नवशिक्या पंचाचा पाय नेमका तेथेच घसरतो. दोष हा पदार्थात नसून नात्यात असतो. पिकल्या केळ्याचा जो वास आहे तोच, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट या एकाच द्रव्यामुळे, बव्हेरियातील गव्हाच्या बीअरला येतो, आणि त्याच्या जोडीला लवंगेचाही येतो. तेथे तो नसणे हा दोष ठरतो. हाच घमघमाट पिल्सनर जातीच्या स्वच्छ, कडवट बीअरला आला तर ती स्पर्धेतून बाद होते. बेल्जियमच्या काही बीअरी मुद्दाम आंबवतात, त्यांत खोगिराखालच्या घामेजलेल्या घोंगडीचा वास शोधून तो सापडला की जाणते लोक समाधानाने मान डोलावतात. म्हणून पंचासमोर पेला येतो तो नावानिशी येतो, आणि प्रश्न ‘ही चांगली आहे काय’ असा नसून ‘जे नाव हिने सांगितले ते हिला शोभते काय’ असा असतो. नाव चुकीचे दिल्यामुळे अत्यंत रुचकर बीअर पाडली गेल्याची गाऱ्हाणी हौशी मंडळींत नित्य ऐकू येतात. बीअरच्या जातींची ही व्यवस्था रूढ होण्यास मायकेल जॅक्सन या इंग्रज लेखकाचे १९७७चे पुस्तक बरेचसे कारणीभूत झाले. हा गायक जॅक्सन नव्हे. आणि हे सांगण्यात त्याचे अर्धे आयुष्य गेले असावे.

नाव आणि चव यांचे नाते किती लवचीक असते याचा एक दाखला तर आपल्याच बंदरात उतरलेला आहे. लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन नावाच्या कारखानदाराचा वाडा ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या गोदीजवळ होता, आणि कंपनीच्या कप्तानांना खासगी व्यापाराची जी मुभा असे तिच्या आधारे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची फिकी, कडवट बीअर मुंबई आणि कलकत्ता येथे येऊ लागली. आफ्रिकेस वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार ते सहा महिन्यांच्या हिंदकळण्यात ती पिंपातच पिकत असे. हॉजसनने ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली ही आख्यायिका मात्र टिकत नाही. तशी जास्त हॉप घातलेली बीअर इंग्लंडात आधीच होत होती, आणि इकडच्या गोऱ्या शिपायांची तहान बहुतांशी काळ्या पोर्टर बीअरवरच भागत होती. १८२०नंतर बर्टन गावच्या कारखानदारांनी, जिप्समयुक्त पाण्याच्या बळावर, हा व्यापार हॉजसनकडून हिसकावला, आणि पुढे त्या बीअरला इंडिया पेल एल हे नाव चिकटले. आज त्या नावाखाली जे मिळते त्याची चव बहुधा १९७२ साली अमेरिकेत प्रसृत झालेल्या कॅस्केड हॉपच्या वंशावळीतली असते, जिच्यात ग्रेपफ्रूटचा वास येतो असे अमेरिकी लोक म्हणतात आणि आपण पपनसाचा म्हणावे, कारण ग्रेपफ्रूट हे पपनसाचेच संकरित अपत्य होय. कित्येक नव्या हॉपांत आंब्याचा भास होतो तोही अगदी निराधार नाही. मायर्सीन नावाचे सुगंधी द्रव्य हॉपमध्ये आणि आंब्यात दोहोंतही आढळते. मुंबईच्या नावाने पिकलेल्या बीअरने अमेरिकेमार्गे आंबा हुडकला, याला योगायोगापलीकडे काही म्हणू नये हे मला कळते, पण मौज वाटल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्रात छोट्या कारखान्याची ताजी बीअर विकण्याची वाट २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ने मोकळी केली. या नावाचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत महिनोन्‌महिने कुजलेल्या गोऱ्या शिपायांना जे वेड लागे त्यास ते ‘डूलाली टॅप’ म्हणत, आणि त्यातील टॅप हा आपला ताप आहे. घरगुती बीअरला मात्र आपल्याकडे वाव नाही. १९४९च्या मुंबई दारूबंदी अधिनियमान्वये पिण्यालाही परवाना लागतो, मग परवान्यावाचून घरी मद्य करणे हा गुन्हा ठरावा यात नवल ते काय. कौटिल्याची चार दिवसांची सूट या अधिनियमात शोधूनही सापडत नाही. परिणामी मराठी जिभेने घरगुती बीअरची जबानी द्यायची तर परमुलखात जावे लागते, आणि मलाही ती संधी अमेरिकेत, माझ्या भाच्याच्या घरीच मिळाली.

ऑक्टोबरची थंड संध्याकाळ होती, आणि मोटार बाहेर उभी करून तिच्या खोलीत मेज मांडले होते. पाच माणसे, प्रत्येकापुढे स्वच्छ विसळलेला पेला, खारवलेली नसलेली बिस्किटे आणि साधे पाणी. मेथीचे ठेपले करून आणणाऱ्या एका बाईंना ते नम्रपणे स्वयंपाकघरात ठेवावयास लावले होते, आणि त्यांनी ते नम्रपणे घेतले नव्हते. फिकीपासून काळीकडे असा क्रम ठरला, प्रत्येक बाटलीतून पेल्यात जेमतेम चार बोटे बीअर, आणि पत्रक भरेपर्यंत कोणी बोलायचे नाही. पहिल्या तीन बाटल्या निर्वेध गेल्या. चौथी भाच्याची स्वतःची, तांबूस रंगाची, दिसायला देखणी. हुंगताना भाजणी आली, थोडी काकवी आली, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांशी असे काही उरले की ज्यासाठी मला इंग्रजी शब्द सुचेना. पत्रकाच्या समासात मी मराठीतच ‘कळकली आहे’ असे लिहिले.

तोंडे उघडली तेव्हा एकाने रक्ताची चव म्हटले, दुसऱ्याने तोंडात नाणे धरल्यासारखे वाटते असे सांगितले, तिसऱ्यास काहीच जाणवले नव्हते. भाचा माझे पत्रक वाचून म्हणाला, “मामा, कळकली म्हणजे?” मी सांगितले की तुझ्या पणजीच्या काळी पितळेच्या भांड्यांना कल्हई लावीत, ती उडालेल्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकायची, आणि मग ते भांडे कल्हईवाल्याकडे जायचे. नाणे म्हणणाऱ्या गृहस्थाने त्यावर एक युक्ती दाखवली: बीअरचे दोन थेंब मनगटाच्या पाठीवर चोळून हुंगायचे, कारण लोहाचा अंश त्वचेवरील स्निग्धाशी मिळून तोच धातूसारखा वास उघड करतो. आम्ही पाचही जण मनगटे चोळून हुंगत बसलो, आणि या खेपेस तिसऱ्यालाही तो आला.

भाच्याने काही न बोलता आत जाऊन काढा उकळण्याचे मोठे मिनाकाम केलेले पातेले आणले आणि दिव्याखाली उलटे-सुलटे केले. आतून, बुडाच्या कडेशी, पावलीएवढा मिन्याचा टवका उडालेला होता आणि त्याखालचे लोखंड तांबारले होते. त्यावर त्याने बोट फिरवले, बोट हुंगले, आणि पातेले भिंतीशी पालथे ठेवून पाचवी बाटली उघडायला घेतली.